जैसे मूळ तैसी नक्कल

"कुमुदताई, हा दरोडा आहे. दिवसाढवळ्या घातलेला दरोडा!" असे म्हणून नानासाहेब उकिडव्यांनी आपला मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला, आणि त्याच्या वाटेत आलेली साबुदाणा वड्यांची बशी मात्र अत्यंत हळुवारपणे स्वतःकडे ओढून घेतली.

पुण्यातल्या 'विद्यार्णव ग्रंथशाळा' या प्रकाशनसंस्थेचे ते कार्यालय. भिंतीवर संस्थापक वडील हार घालून बसलेले, त्यांच्याखाली चिरंजीव हार न घालता बसलेले. मोबाइलच्या पडद्यावर माझे पुस्तक होते. माझे म्हणजे अक्षरशः माझेच: 'मोडी वाचनाची वहिवाट, लेखिका डॉ. कुमुद देशिंगकर'. ज्या लिपीत महाराष्ट्राने कित्येक शतके आपले व्यवहार लिहिले आणि जी आज महाराष्ट्रालाच वाचता येत नाही, ती वाचायला शिकवणारा हा ग्रंथ. इतर बायका निदान एकदा महाबळेश्वरला जाऊन येतात ते वय मी त्याला दिले होते.

"हे कुठून आले?" मी विचारले.

"कुठून म्हणजे? कुणीतरी पानन् पान फोटो काढून फाइल केली आणि दिली सोडून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरतेय. हजारो लोकांनी उतरवून घेतलीय, हजारो!"

"म्हणजे मागणी आहे."

नानासाहेबांचा हात वड्यावरच थांबला. माझी पहिली आवृत्ती संपून बारा-तेरा वर्षे झाली होती. या काळात दर वर्षी मी पुनर्मुद्रणाची विनंती करीत असे, आणि दर वर्षी त्यांचे दोन शब्दांचे उत्तर येत असे: 'मागणी नाही.' पत्रव्यवहारात इतकी सातत्यपूर्ण शैली मी केवळ आदिलशाही फर्मानांत पाहिली आहे.

"मागणी आहे हे चोराने सिद्ध केले, म्हणून तो चोर नाही असे होत नाही," ते म्हणाले.

"मी कुठे तसे म्हटले?"

आणि मी खरोखरच तसे म्हटले नव्हते. मला राग आला होता. मी आवाज चढवत नाही. माझ्या रागाला उष्णता नसते, असे माझे विद्यार्थी सांगतात. पण स्वतःचे पुस्तक कुणा परक्याच्या हातात, वाकडे-तिकडे, काही पानांच्या कडेला मेंदी लावलेल्या अंगठ्याचे नख घेऊन पाहणे म्हणजे आपली साडी नेसून शेजारीण लग्नाला निघालेली पाहणे होय.

"तक्रार तयार आहे," नानासाहेबांनी कागद पुढे केला. "अज्ञात इसमाविरुद्ध. वकिलांनी झकास लिहिलीय. लेखनाचा हक्क तुमचा, म्हणून सही तुमची लागते. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ताई. एकाला आत बसवला की बाकीचे सुतासारखे सरळ होतात. आणि दिवाळीपूर्वी आपली नवी आवृत्ती!"

"नवी आवृत्ती? आणि मागणी?"

"आता आहे की."

"छापायला प्रत आहे तुमच्याकडे? माझी देऊ का?"

"छे, छे, तुम्ही काही तसदी घेऊ नका. आहे आमच्याकडे." मग मोबाइलकडे बोट दाखवून ते जरा गोड आवाजात म्हणाले, "चोर असो, पण काम नेटके आहे हो. ते शेवटचे मोडीतले पान पाहा. किती ठसठशीत आलेय! आपल्या मूळ आवृत्तीत असे नव्हते."

मी शेवटचे पान काढले. पाहिले. आणि म्हणाले, "नाही. नव्हते."

माझ्या त्या उत्तरामागे कट होता असे पुढे अनेकांनी म्हटले. नव्हता. मी फक्त खरे बोलले. मूळ आवृत्तीत ते पान नव्हतेच.

ते पान काय होते हे येथेच सांगते. पूर्वी पोथीची नक्कल करणारा नकलनवीस काम संपवून उठण्याआधी अखेरच्या पानावर चार ओळी स्वतःच्या लिहीत असे: आपले नाव, गाव, तिथी, कुठल्या प्रतीवरून उतरले ते, वाचणाऱ्याला विनंती. हजार-दोन हजार ओव्या दुसऱ्याच्या आणि चार ओळी आपल्या. माझ्या पुस्तकाचे चौदावे प्रकरण या चार ओळींवरच आहे, आणि ते मला स्वतःला सर्वांत आवडते. माझ्या चोराने ते प्रकरण नुसते चोरले नव्हते, वाचले होते. कारण फाइलच्या अखेरीस, बोरूने लिहावे तशा वळणदार मोडीत, त्याने ठरल्या रिवाजाप्रमाणे आपली ओळख लिहिली होती. शमीम शिकलगार, मुक्काम बार्शी. पोलिसांना जो अज्ञात होता, तो सही करून बसला होता.

नानासाहेबांना मोडी येत नव्हती. मोडी शिकवणारे पुस्तक त्यांनी सतरा वर्षांपूर्वी छापले होते, पण वाचायचा प्रसंग कधी आला नव्हता.

मी तिथल्या तिथे ते नाव उच्चारले असते तर ही कथा त्या बशीपाशीच संपली असती. पण नावाच्या आधीच्या ओळीत एक अक्षर होते, आणि त्या अक्षराने चोरीचा राग क्षणभर मागे सारला. तिथे लिहिले होते: 'हे पुस्तक कै. कुमुद देशिंगकर यांचे.'

कैलासवासी! मला लुटले होते, आणि वर पोहोचवलेही होते.

"मला पंधरा दिवस द्या," मी म्हणाले. "सही करण्यापूर्वी मी तक्रार नीट वाचीन."

"वाचा की. शेवटी तुम्ही विदुषी," नानासाहेबांनी उदारपणे बशी माझ्याकडे सरकवली. तिच्यात आता फक्त चटणी होती.

*

बार्शीला तहसील कचेरीच्या समोर 'शमीम झेरॉक्स, लॅमिनेशन व स्टेशनरी' शोधायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. चोराने पत्ताच दिलेला असला की पाठलागातली मजा जाते. काउंटरमागे चाळिशीची एक ठसठशीत बाई एका शेतकऱ्याचा सात-बारा यंत्रात घालत होती. डोक्यावर पदर, नाकात चमकी, अंगठ्याच्या नखावर विटलेली मेंदी. तिच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मिळणार नाही. कायद्याने गुन्हा आहे.'

मी पिशवीतून माझ्या पुस्तकाची माझीच प्रत काढून काउंटरवर ठेवली. "याची पूर्ण झेरॉक्स हवी."

तिने पुस्तकाकडे पाहिले मात्र, हातातला सात-बारा यंत्रातच राहिला. "अगंबाई! मूळ प्रत! कुठं मिळाली ओ तुमाला? विकता का?"

"झेरॉक्स काढता का?"

"पाटी वाचली न्हाई का? पूर्ण पुस्तक न्हाई काढत आपण. गुन्हा हाय." मग काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून, "पर मोबाइल असंल तर फाइल टाकते. फुकट."

"ते गुन्हा नाही?"

"असंल. पर पैसं न्हाई घेत ना मी. पैसं घेतलं तर धंदा, न्हाई घेतलं तर पुण्य."

"कायद्यात असा भेद नाही."

"मग कायद्यातच कायतरी कमी हाय," ती शांतपणे म्हणाली आणि पुस्तक उलटे करून मलपृष्ठ पाहू लागली. तिथे माझे छायाचित्र होते. केस काळे, चष्मा जाड, चेहऱ्यावर विद्वत्तेचा अतिरेक. तिने फोटो पाहिला. मला पाहिले. पुन्हा फोटो. मग हात छातीवर ठेवून ती दोन पावले मागे सरली, ती थेट लॅमिनेशनच्या यंत्रावर.

"बाई! तुमी तर मेलात!"

"ते मी तुमच्याच हस्ताक्षरात वाचले," मी म्हणाले. "म्हणून खात्री करून घ्यायला आले."

सात-बारावाला शेतकरी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहू लागला. आपला उतारा कुठल्या कामात अडकला आहे हे त्याला कळेना.

तिने मला आत स्टुलावर बसवले. चहा सांगितला. मग समोर उभी राहून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी, पण डोळे न झुकवता म्हणाली, "आता बोला. पोलीस घिऊन आलाय का एकट्याच?"

"एकटी. पोलीस माझ्या सहीसाठी थांबले आहेत."

"मग चहा घ्या आधी. सही काय, पळून जात न्हाई."

"शमीमबाई, या पुस्तकासाठी मी उमेदीची वर्षे घातली. दफ्तरखान्यांत धूळ खाल्ली. ते असे फुकट वाटताना हात कापला नाही?"

"कापला न्हाई. हलला. म्हणून काय काय पानं दोनदा काढावी लागली."

मी चहाचा घोट घेतला. हसू येऊ नये म्हणून घेतला हे मी तेव्हा कबूल केले नसते.

"मला विचारायला हवे होते," मी म्हणाले.

"विचारलं की! वाचनालयात एकच प्रत. तिला वाळवी लागलेली, खालनं वर चढत होती. मी पुण्याला फोन लावला, म्हटलं पुस्तक पायजे. न्हाई म्हणाले. मग म्हटलं लेखिकेचा नंबर द्या, परवानगी मागते. तर एक साहेब म्हणाले, 'बाई गेल्या. पुस्तक विसरा.' मी त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठिवलं, खरं सांगते. हितं या जिन्यावर बसून रडले. माणूस गेलं, आता पुस्तकबी चाललं."

सतरा वर्षांत माझ्या लेखनासाठी कुणी रडल्याची ही पहिली बातमी होती, आणि ती मला मरणोत्तर मिळाली.

"माणूस गेल्यावरही साठ वर्षे हक्क राहतो," मी नियम सांगितला.

"साठ? आमच्या वाचनालयातली वाळवी यवढी थांबत न्हाई, बाई."

"आणि मोडी कशासाठी? तुमच्या घरी जुने कागद आहेत का?"

"कागद कुठले? आमी शिकलगार, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे. पर हितं कचेरीसमोर बसून लोकांच्या मोडी कागदांच्या झेरॉक्सा काढल्या, जलमभर. उलटं का सुलटं तेबी कळायचं न्हाई; एकदा एकाला शंभर कागद उलटे काढून दिले, त्यानंबी तसेच नेले. म्हटलं, जे जलमभर छापलं ते एकदा वाचावं तरी. तुमच्या पुस्तकानं वाचायला लागले. मग आठ-दहा जणांना शिकवलं, त्यांनी ग्रुप काढला. त्यांना पुस्तक कुठनं देऊ?" तिने मान वर केली. "आणि चौदाव्या प्रकरणात कुणी लिवलंय? 'नकलनविसांनी परवानगीची वाट पाहिली असती, तर आज महाराष्ट्राकडे एक पोथी उरली नसती.' मी पाठ केलंय ते."

"ते नकलनवीस तीनशे वर्षांपूर्वीचे होते!"

"म्हंजी चोरी जुनी झाली की इतिहास होती व्हय?"

मी सभासंमेलनांतून पुष्कळ वादविवाद केले आहेत. आपलेच वाक्य हातात घेऊन आलेल्या प्रतिपक्षाशी कसे लढावे, हे मला कुणी शिकवले नव्हते.

"एक काम करते," ती म्हणाली आणि मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकते: बाई जिवंत हायेत. फाइल डिलीट करा."

"लोक करतील?"

"डिलीट? छ्या! पर आनंद किती हुईल!"

तिने टाकलेही. क्षणभर शांतता, मग तो मोबाइल काउंटरवर असा थरथरू लागला की शेतकऱ्याने तो दाबून धरला. शमीमबाई वाचू लागल्या: "'खरंच?' अकोल्याचे हायेत हे. 'फोटो टाका.' हे मालवणचे, कुणावर विसवास न्हाई त्यांचा. 'बाईंना साष्टांग.' ... 'बाईंना विचारा, पान चौऱ्याहत्तरवर 'देशमुखी'चं वळण चुकलंय का माझंच चुकतंय?'"

"चुकलेले नाही!" मी स्टुलावरून उठले. "त्यांना म्हणावे, ते पेशवेकाळातले वळण आहे, त्याआधीचे शोधू नका त्यात. दाखवा इकडे, मीच सांगते."

मी दुपारच्या गाडीने परतणार होते. त्या गाडीने मी गेले नाही, आणि संध्याकाळच्याही नाही. जळगावच्या एका वाणसामानाच्या दुकानदाराशी 'तसरुफात' म्हणजे 'ताब्यात' की 'वापरात' यावर मी इतकी भांडले की घसा बसला; आणि शेवटी त्याचेच बरोबर निघाले. शेतकरी आपला सात-बारा घेऊन कधी गेला ते आम्हा दोघींनाही कळले नाही. त्याने पैसे ठेवले होते का, यावर शमीमबाई आजही साशंक आहेत.

निघताना त्यांनी विचारले, "मग सही करणार का? मला दुकानाचं बघावं लागंल. पोरगी बारावीला हाय."

या वेळी त्या हसत नव्हत्या. आणि मीही त्यांना खोटा धीर दिला नाही. "ठरवलेले नाही," मी म्हणाले. "मात्र 'बाई गेल्या' असे सांगणारा तो साहेब कोण होता, हे मला आधी कळायला हवे."

*

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पुण्यात प्रकाशनसमारंभ ठरला. नानासाहेबांची कल्पना भव्य होती: नव्या आवृत्तीचे प्रकाशन, आणि त्याच व्यासपीठावर ग्रंथचौर्यविरोधी मोहिमेचा आरंभ. मी तक्रारीवर सही करणार, छायाचित्रकार ती टिपणार, वकीलसाहेबांना शाल व नारळ. मी होकार दिला. घरी येऊन जुन्या कागदांतून आमचा करार काढला, एक कलम वाचले, आणि तो पर्समध्ये घातला. मग बार्शीला फोन करून शमीमबाईंना निमंत्रण दिले.

"तिथंच धरणार का मला?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही. पण या."

"येते. माझं पुस्तक हाय ते."

हे सर्वनाम मी दुरुस्त केले नाही.

समारंभाला सभागृह गच्च भरले. व्याकरण, कोश, लिपी असल्या विषयांच्या समारंभांना लेखकाचे नातेवाईक आणि चुकून आत आलेले लोक असतात. इथे मागे उभे राहायला जागा नव्हती. नानासाहेब गहिवरले. "पाहिलेत, ताई? मोहिमेला केवढा पाठिंबा!"

मी पाहिले. तिसऱ्या रांगेत शमीमबाई नवी साडी नेसून, ताठ, देवळात बसावे तशा बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी अकोला, मागे जळगाव, कडेला संशयी मालवण. आख्खा ग्रुप आला होता. सभागृहात मोहिमेचे जे चाहते जमले होते, त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात चोरीची फाइल होती. आणि दारापाशी त्यांनी पुस्तके विकत घेतली होती, एकेकाने दोन-दोन. मांडलेला गठ्ठा केव्हाच संपला होता.

रिवाजाप्रमाणे रंगीत कागदात बांधलेली प्रत माझ्या हाती दिली गेली. लेखकाला स्वतःचे पुस्तक पहिल्यांदा सर्वांदेखत पाहावे लागते, ही आपल्याकडची एक निष्ठुर पद्धत आहे. मी फीत सोडली. पान उघडले. उजव्या बाजूला जरा कललेले. पुढचे, डावीकडे कललेले. हा कल मी ओळखत होते. बार्शीला त्या काउंटरवर मी त्याच्याकडे दिवसभर पाहिले होते. नानासाहेबांकडे प्रत होती ती ही! चोराचा अंगठा कापण्याची जुनी शिक्षा छापखान्याने तेवढी पानोपानी अमलात आणली होती.

मी थेट शेवटी गेले. पान होते. जसेच्या तसे, ठसठशीत.

तोवर नानासाहेब माइकवर पोहोचले होते. "...आणि हा चोर कोण? हा भित्रा! हा अंधारात वावरणारा! याच्यात स्वतःचे नाव सांगण्याची हिंमत नाही!"

मोडी शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. पुस्तक हातात आले की तो आधी शेवटचे पान पाहतो. तिसऱ्या रांगेत कुणीतरी पुस्तक उलटून पाहिले आणि शेजाऱ्याला कोपर मारले. शेजाऱ्याने आपले उलटले. 'नाव सांगण्याची हिंमत नाही' या शब्दांवर पहिले हसू फुटले, ते दोन्ही बाजूंना पसरत गेले, आणि मागच्या भिंतीवर आपटून हास्याचा एक लोंढा व्यासपीठाकडे आला. नानासाहेबांना तो प्रतिसाद वाटला. ते आणखी मोठ्याने म्हणाले, "नाव लपवतो, नाव!"

मालवणने तर तोंडात रुमालच कोंबला.

"नानासाहेब," मी उठून त्यांच्या शेजारी गेले, "सही करण्याआधी पुस्तकातले एक पान वाचून दाखवते. लोकांना मोडीचा नमुना ऐकायला मिळेल."

"अवश्य! अवश्य!"

मी वाचले. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून, वर्गात वाचते तसे:

"'हे पुस्तक कै. कुमुद देशिंगकर यांचे. बार्शीच्या वाचनालयातील एकुलत्या प्रतीवरून शमीम शिकलगार हिने मोबाइलवर उतरले. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. जैसे मूळ तैसी नक्कल. उतरणारीस दोष देऊ नये. पुस्तक पाण्यापासून राखावे, वाळवीपासून राखावे, चार्जिंग संपण्यापासून राखावे. मागेल त्याला द्यावे. मूर्खाच्या हाती देऊ नये.'"

टाळ्या थांबेनात. तेवढ्या गोंगाटात नानासाहेब माझ्या कानाशी आले. चेहरा खडूसारखा. "हे... हे पान आपले नाही?"

"आता आहे. सर्व हक्क सुरक्षित, असे तुम्हीच पहिल्या पानावर छापले आहे."

"ताई, हे आवरा. मी पाया पडतो."

मी माइकवर हात ठेवला. "एक सांगा. मी वारल्याचे फोनवर कुणी सांगत होते?"

ते घुटमळले. मग अगदी बारीक आवाजात, जणू यात समजून न घेण्यासारखे काही नाही अशा सुरात, म्हणाले, "फोन फार यायचे हो, ताई. रोज कुणी ना कुणी. पुस्तक द्या, पुस्तक द्या. 'बाई गेल्या' म्हटले की तोच माणूस पुन्हा करत नाही."

"म्हणजे मागणी नव्हती," मी म्हणाले.

समोर सभागृह हसत होते, आणि वकीलसाहेब व्यासपीठावर कुणाकडे पाहून हसावे याचा शोध घेत होते. मी पर्समधून करार काढून नानासाहेबांच्या हाती दिला. "सातवे कलम तुमच्या वडिलांनी घातले आहे, भले गृहस्थ होते. प्रती संपल्यावर तीन वर्षांत पुनर्मुद्रण न केल्यास सर्व हक्क लेखिकेकडे परत. ते परत येऊन दहा वर्षे होत आली. नवा करार आपण केलेला नाही. मग या सभागृहात माझ्या पुस्तकाच्या विनापरवाना प्रती कुणी काढल्या, नानासाहेब? एकीने काढल्या, फुकट दिल्या आणि खाली नाव लिहिले. दुसऱ्याने तिच्या नकलेची नक्कल काढली, विकली, आणि नाव स्वतःचे घातले. तक्रारीत आरोपीची जागा रिकामी आहे. मी दोन्ही नावे लिहीन, नाहीतर एकही नाही. तुम्ही सांगा."

नानासाहेब उकिडवे हे विद्वान नव्हते, पण पिढीजात व्यापारी होते. त्यांनी विचार केला तो ग्लासभर पाणी पिण्याइतका. ग्लास खाली ठेवला, वकीलसाहेबांसाठी आणलेली शाल उचलली, आणि माइकपाशी जाऊन, आवाजात तोच गहिवर आणून ते म्हणाले:

"रसिकहो! आपल्या या आवृत्तीच्या... अं... नकलनवीस... श्रीमती शमीम शिकलगार आज आपल्यात उपस्थित आहेत! त्यांचा सत्कार करताना विद्यार्णव ग्रंथशाळेला धन्यता वाटते!"

शमीमबाई वर आल्या. शाल घेतली, नारळ घेतला. नानासाहेबांना नमस्कार करून, माइक चालू आहे याची पर्वा न करता, त्यांनी विचारले, "फोनवर तुमीच होता ना ओ? आवाज वळखला मी."

तक्रारीच्या बिनसहीच्या कागदाचे काय झाले ते मला ठाऊक नाही. वकीलसाहेब त्याची होडी करीत बसले होते असे जळगाव सांगतो, पण जळगावचे मी सगळेच मानत नाही.

त्या रात्री हॉटेलात जेवताना नवा करार झाला. नानासाहेब छापतील आणि विकतील. ते त्यांना जमते. ज्याला हवे त्याने पुस्तक उतरवून घ्यावे आणि मागेल त्याला द्यावे. त्याला अट एकच, शेवटी रिवाजाप्रमाणे आपल्या चार ओळी मोडीत लिहाव्यात. नानासाहेबांनी सही करताना विचारले, "असे फुकट वाटून पुस्तक खपेल का हो?" मी त्यांना दारापाशी संपलेल्या गठ्ठ्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "हां, ती मागणी."

त्याला आता बरीच वर्षे झाली. छापील आवृत्तीत मी अजून कैलासवासीच आहे. दोन ग्रंथालयांच्या सूचींनी माझ्या नावापुढे मृत्यूचे वर्षही घातले आहे, आणि एका परिसंवादात माझ्या समोरच माझ्यावर शोकपर भाषण झाले. चांगले होते. मी मध्येच तोडले नाही. फाइल मात्र वाढत चालली आहे. मुळातले पुस्तक जेमतेम तीनशे पानांचे, पण शेपूट असे लांबले आहे की नव्या वाचकाला मोडी शिकायला आता शेवटची पानेच पुरतात. अकोला, मालवण, गडहिंग्लज, बऱ्हाणपूर, आणि एक कुणीतरी दुबईहून, जो तिथी दर वेळी चुकवतो.

पण त्यांतले पहिले पान शमीमबाईंचे आहे. समारंभानंतर बार्शीला पोहोचल्यावर त्यांनी ते नव्याने लिहून मला पाठवले. वळण तेच, शाई जरा गडद:

'मागील प्रतीत कै. हे अक्षर पुण्याच्या माहितीवरून पडले, ते काढावे. लेखिका हयात आहेत. समक्ष पाहिल्या, चहा पाजला, दिवसभर भांडताना ऐकल्या. खात्री करून लिहिले असे.'